विषय कोण ठरवतो?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



आज पुढच्या रांगेत तरुण पोरे बसली आहेत, हे पाहून बरे वाटले. एरवी आपल्या बैठकीला पिकल्या केसांचीच गर्दी असते. तेव्हा आज मी जे बोलणार आहे ते मुख्यतः या पोरांसाठी आहे. थोरांनी ऐकले तरी हरकत नाही.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीचा प्रचार ऐन भरात होता. नाशिक शहरातल्या एका महाविद्यालयात तरुणांची वादविवाद स्पर्धा ठेवली होती. आपल्या एका कार्यकर्त्याची मुलगी तिथे बोलणार होती, म्हणून मी गेलो. मागच्या बाकावर बसून तीन तास सगळ्यांना ऐकले. विषय होता, 'मोफत योजना लोकशाहीला मारक आहेत.' प्रत्येकाला पाच मिनिटे आणि चौथ्या मिनिटाला घंटा.

पोरे छान बोलली. तयारी करून आली होती. एक जण म्हणाला, फुकट मिळाले की माणूस आळशी होतो. त्याला एका मुलीने विचारले, कारखानदारांची कर्जे निर्लेखित होतात तेव्हा ते आळशी होत नाहीत, मग माझी आईच पंधराशे रुपयांत कशी आळशी होते? टाळ्या पडल्या. पडायलाच हव्यात. दिवसही तसेच होते. लाडक्या बहिणीचे पंधराशे सुरू झाले होते. महायुती म्हणत होती, एकवीसशे करू. महाविकास आघाडी म्हणत होती, तीन हजार देऊ. कर्जमाफीचे आश्वासन दोघांच्याही जाहीरनाम्यात होते.

आता गंमत ऐका. त्या सभागृहात निम्मी पोरे तरी निफाड, चांदवड, येवला, सटाणा, कळवण या भागांतली होती. बापाच्या कांद्यावर त्यांची फी भरली जाते. पण तीन तासांत शेतमालाच्या भावाचा विषय एकदाच निघाला. आपली मुलगी शेवटच्या मिनिटाला म्हणाली, "सरकार आम्हाला काय देते यावर सगळे बोलतात. सरकार आमचे काय घेते यावर कोणी बोलेल का?" तेवढ्यात घंटा झाली. निकाल सांगताना परीक्षक म्हणाले, आवाज चांगला आहे, पण मुद्दा विषयाला सोडून गेला.

परीक्षकांवर माझा राग नाही. विषयच तसा बेतलेला होता. देणे चांगले की वाईट, एवढेच बोलायचे. आधी काढून घेतले ते किती, हे विचारायला त्यात जागाच नव्हती. ज्याने विषय ठरवला त्याने निम्मा वाद आधीच जिंकलेला असतो. मग अनुकूल बाजू जिंको की प्रतिकूल, ठरवणाऱ्याचे काही बिघडत नाही.

हिशोब मांडून पाहू. समजा, एका घरचा शंभर क्विंटल कांदा बाजारात गेला. सरकारच्या एका हुकुमाने भाव क्विंटलमागे हजार रुपयांनी पडला. घरातून एक लाख रुपये गेले. पंधराशे रुपये महिना म्हणजे वर्षाला अठरा हजार. ते लाख रुपये भरून यायला साडेपाच वर्षे हप्ते घ्यावे लागतील. आणि तोवर दुसरा हुकूम निघणार नाही याची हमी कोण देतो?

म्हणून कोणी त्या बहिणींना नावे ठेवू नका. १९८६ साली चांदवडला महिला अधिवेशन भरले तेव्हापासून आपण सांगत आलो की शेतीच्या तोट्याचा सर्वांत मोठा वाटा घरच्या बाईच्या अंगावर पडतो. तिच्या हातात पैसा पडला तर तो तिचाच आहे. आपले म्हणणे एवढेच, की उजव्या हाताने पंधराशे देणाऱ्याचा डावा हात कुणाच्या खिशात आहे, तेही बघावे.

हा डावा हात कसा चालतो ते तारखांनिशी सांगतो. पोरांनो, लिहून घ्या.

उन्हाळ कांदा मार्च ते मे महिन्यांत निघतो. शेतकरी तो चाळीत भरतो. चार-पाच महिन्यांत वजन घटते, काही सडतो. ही जोखीम तो पुढे भाव मिळेल या आशेवर घेतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये भाव थोडा हलू लागला आणि १९ ऑगस्टला निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आले. ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली. ३१ मार्चपर्यंत म्हटलेली बंदी पुढे वाढवली. लोकसभेसाठी नाशिक आणि दिंडोरीचे मतदान होते २० मे २०२४ ला. बंदी उठली ४ मे ला, मतदानाच्या सोळा दिवस आधी. तीही ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून.

मधल्या काळात काय झाले? १२ जानेवारी २०२४ ला नाशिकच्या तपोवनात राष्ट्रीय युवा महोत्सवाचे उद्घाटन झाले. देशभरातून तरुण आले होते. पंतप्रधानांनी त्यांना सांगितले की राजकारणात या, मतदान करा, म्हणजे घराणेशाही कमी होईल. सल्ला चांगलाच होता. त्या दिवशी निर्यातबंदी लागून महिना उलटला होता.

चार महिन्यांनी, १५ मे ला, पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची प्रचारसभा झाली. तिथे गर्दीतून एका तरुणाने दोनच शब्द ओरडून सांगितले, 'कांद्यावर बोला!' त्याच्या मागे माईक नव्हता, पुढे परीक्षक नव्हते. त्याला उत्तर म्हणून व्यासपीठावरून घोषणा मिळाल्या. पण ठरवून दिलेला विषय त्या दोन शब्दांनी बदलून टाकला. ४ जूनला दिंडोरीतून केंद्रातल्या राज्यमंत्री पडल्या. निकालाला कारणे अनेक असतात, एकट्या कांद्याने झाले असे मी म्हणत नाही. पण १३ सप्टेंबरला किमान निर्यातमूल्य रद्द झाले आणि शुल्क ४० वरून २० टक्क्यांवर आले. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. ज्याला समजायचे त्याला समजले.

मग उरलेल्या २० टक्क्यांचे काय? ते विधानसभेच्या प्रचारात कोणी विचारले नाही. तेव्हा विषय होता पंधराशे, एकवीसशे की तीन हजार. ते शुल्क निवडणूक होऊनही चार महिने राहिले. १ एप्रिल २०२५ ला उठले, तेव्हा उन्हाळ कांदा बाजारात आलेला होता.

शहरातली पोरे विचारतील, निर्यात खुली ठेवली तर आम्ही कांदा महाग खायचा का? प्रश्न रास्त आहे, त्याला उत्तर द्या, चिडू नका. सांगा की चाळीत कांदा ठेवणाऱ्याला दरवर्षी मार बसला तर तो चाळ बांधणार नाही, पुढच्या वर्षी लागवड कमी करील, आणि मग तुम्हालाच दुप्पट भावाने घ्यावा लागेल. आणि हेही सांगा की १९९८ साली दिल्लीतले सरकार पडले तेव्हा कांद्याच्या महागाईचा त्यात मोठा हात होता. तेव्हापासून प्रत्येक सरकार खाणाऱ्याच्या रागाला भिते. पिकवणाऱ्याच्या रागाला का भीत नाही? खाणारा आपला प्रश्न मतपेटीपर्यंत नेतो. आपण पेटीजवळ पोहोचेपर्यंत जात, झेंडा आणि पुढाऱ्याचा मांडव यांत तो विसरतो.

मित्रहो, १९८० च्या नोव्हेंबरात याच जिल्ह्यातले शेतकरी कांदा-उसाच्या भावासाठी रस्त्यावर आणि रुळांवर बसले. खेरवाडीला गोळीबारात दोघांचे प्राण गेले. ती माणसे कोणत्या स्पर्धेत बोलली नव्हती. पण शेतीचे दुःख दुष्काळ किंवा नशीब नसून भाव आहे, हा विषय त्यांनी महाराष्ट्राच्या राजकारणापुढे ठेवला.

पोरांनी वादविवाद स्पर्धांना जाऊ नये, असे माझे म्हणणे नाही. जरूर जावे. पण आपण आपल्याही स्पर्धा घ्याव्यात. माझी सूचना अशी. प्रत्येक तालुक्याने बाजार समितीच्या आवारात, लिलाव आटोपल्यावर, तरुणांचा वादविवाद ठेवावा. विषय आपण ठरवू : 'निर्यातबंदीने ग्राहकाचे भले होते.' आपल्या कार्यकर्त्यांच्या पोरांना मुद्दाम अनुकूल बाजू द्यावी. दुसऱ्याचे म्हणणे नीट मांडता आल्याशिवाय ते खोडता येत नाही.

आणि कोणतीही निवडणूक येवो, गावात उमेदवार आला की याच पोरांनी तीन प्रश्न विचारावेत. शेतमालाची निर्यात अचानक बंद करण्याला तुमचा विरोध आहे का? तुमच्या पक्षाने बंदी आणली तर तुम्ही जाहीरपणे विरुद्ध बोलाल का? तोटा झाल्यावर भरपाई कोण देईल? उत्तरे वहीत लिहावीत, तारीख घालावी, आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावीत. उमेदवाराने उत्तर टाळले तर 'उत्तर दिले नाही' असे लिहावे. शिवी नको, घोषणा नको.

त्या मुलीला बक्षीस मिळाले नाही. बाहेर आल्यावर तिने मला विचारले, "काका, माझा मुद्दा खरंच विषय सोडून होता का?" मी म्हणालो, "त्यांच्या विषयाला सोडून होता, बाळा. आपल्या विषयाला धरून होता." पहिली वही तिच्या गावात सुरू झाली आहे. दुसरी कोणत्या गावात सुरू होणार, ते बैठक संपण्याआधी हात वर करून सांगा.