नोंदवहींतील पेत्रुस



गेल्या पावसाळ्यांत वसईंतील एक वृद्धा वडिलांचा जन्म शोधीत माझ्याकडे आल्या. सातबाऱ्यावर ‘पेद्रू’, आमच्या लॅटिन वहींत ‘पेत्रुस’. आणि पेत्रुस तर गांवांत किती! शेवटीं बाप्तिस्म्याच्या समासांत विवाहाची नोंद दिसली, तींत त्यांच्या आईचें नांव होतें; वारसाहक्काचा अडलेला कागद पुढें सरकला. समासांतील ह्या नोंदीचा नियम ‘ने तेमेरे’ ह्या आदेशानें १९०८ पासून घातला. अशीच एक नोंद मींही ‘उद्यां करूं’ म्हणून राहूं दिली होती. त्या रात्रीं ती प्रथम लिहिली.

जन्ममृत्यु मात्र २१ दिवसांचे आंत सरकारदरबारीं नोंदवा. १९६९ च्या कायद्यानें तें बंधनकारक आहे, आमचा दाखला त्याची जागा घेत नाहीं. जुना शोध असल्यास आईबापांचीं व धर्ममातापित्यांचीं नांवें आणि अदमासें वर्ष घेऊन या. वही मी काढून ठेवतों.