संधिवात झालेल्या सशाची देखभाल



आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल. सशाला कसला संधिवात? पण मुके जनावर घरात आणले की त्याचे म्हातारपणही आपल्याकडेच येते. आमच्या घरी व्हाइट जायंट जातीचा ससा आहे. वजन पाच किलो, वय सात वर्षे.

ससा हा शिकार होणारा प्राणी. दुर्बल दिसला की शत्रू त्यालाच धरणार, म्हणून तो दुखणे लपवितो. आमच्या सशाने आधी ओटीची पायरी चढणे सोडले, मग अंग चाटणे. पुढे शेपटीखाली मऊ लेंड्या चिकटू लागल्या. निरोगी ससा या लेंड्या वाकून तोंडाने घेतो, त्यातून त्याला जीवनसत्त्वे मिळतात. कंबर धरली की वाकणेच थांबते. शेजारी म्हणत, लाडाने आळशी झाला. पशुवैद्यांनी क्ष-किरण फोटो काढला, तेव्हा कण्यात व खुब्यात संधिवात दिसला.

त्यांनी मेलॉक्सिकॅम सुरू केले. सशाचे शरीर हे औषध लवकर बाहेर टाकते, त्यामुळे वजनाच्या मानाने मात्रा कुत्र्यापेक्षा जास्त लागते. ती डॉक्टरांनीच ठरवावी. घरातल्या माणसांची गोळी मोडून मुळीच देऊ नये. पिसवांसाठी कुत्र्यांना लावतात ते फिप्रोनिल तर सशाला विषारी आहे.

औषधाइतकीच जमीन महत्त्वाची. सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. जड सशाला तारेच्या जाळीवर ठेवले की तळव्यांना जखमा होतात. गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात. आम्ही जुनी सतरंजी व वर गोधडी घालतो. शी-शूच्या ट्रेची एक कड कापून ठेंगणी केली. हा खर्च काहीच नाही.

वजन वाढू देऊ नये. बिस्किटे, पोळी बंद, गाजर नावापुरते, मुख्य अन्न वाळलेले गवत. मात्र उपाशी ठेवणे घातक. बारा तास काही खाल्ले नाही तर आतडी थंडावतात, तेव्हा सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

पावसाळ्यात फार जपावे लागते. ओल्या बुडाशी माशा अंडी घालतात आणि अळ्या एका दिवसात कातडी पोखरतात. म्हणून रोज दोनदा बूड पाहून पुसून कोरडे करतो. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा बुडाखाली. कान धरून कधीही नाही.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही एक वही ठेवली आहे. आज खाल्ले का, अंग चाटले का, आपणहून हिंडला का, एवढेच लिहितो. वाईट दिवस चांगल्यांपेक्षा जास्त होऊ लागले, तर त्याला शांतपणे झोपविण्याविषयी बोलायचे, असे घरात ठरले आहे. ते ठरविताना मुले रडली. सध्या वहीत चांगले दिवस जास्त आहेत.