रुंद टायरची सायकल

हिरण्यकेशीच्या काठी वसलेल्या गडहिंग्लजास बर्फाची ओळख नाही. पावसाळ्यातील चिखलाची मात्र पुरेपूर आहे. अलास्काच्या बर्फाळ वाटांवर विकास पावलेली ‘फॅट बाईक’ येथे कामास येते, ती याच कारणाने. तिचे टायर सुमारे ४ इंच रुंद असतात. त्यांत हवा बेताचीच, दर चौरस इंचास १० पौंडांच्या आसपास, ठेवली की टायर पसरतो, भार विभागला जातो आणि चाक सहसा रुतत नाही. परंतु डांबरी सडकेवर हाच गुण दोष ठरतो. पाय लवकर थकतात. शिवाय चिखलातून परतल्यावर साखळी धुऊन, पुसून तेल न दिल्यास ती गंजते. तेव्हा घेणाऱ्याने ऐट न पाहता आपली नित्याची वाट पाहावी. शेताच्या वाटेवर ती सोबतीण. केवळ पेठेत फिरणाऱ्यास निव्वळ ओझे.