नदीच्या माहेरी

मे महिना लागला, शाळेला सुटी झाली, की घरोघरची मुलं विचारू लागतात, "यंदा कुठं जायचं?" आमच्या घरी २०२२ साली हा प्रश्न निघाला, तेव्हा मी म्हटलं, "यंदा आपण नदीच्या माहेरी जाऊ."

"नदीला माहेर असतं?" धाकट्यानं विचारलं.

"असतं तर! चल, दाखवतो."

आम्ही राहतो श्रीरामपूरकडं, पाटाच्या पाण्यावर. घरामागं पाट आणि पाटापलीकडं ऊस. हे पाणी प्रवरेचं. आणि प्रवरा उगम पावते अकोले तालुक्यात, रतनगडाच्या डोंगरात. त्याच डोंगराच्या कुशीत एका वाडीत माझ्याबरोबर पूर्वी नोकरीला असलेल्या एका गुरुजींचं घर आहे. "एकदा मुलांना घेऊन या," असं ते कितीदा तरी म्हणाले होते. तेव्हा मी, पत्नी, मुलगी आणि मुलगा असे चौघं निघालो. भेट म्हणून गुळाची एक ढेप बरोबर घेतली.

संगमनेर, अकोले, राजूर असं करत एस.टी.नं शेंडीला पोहोचलो. तिथं भंडारदऱ्याचं धरण आहे. १९२६ साली ते पुरं झालं. सुमारे ११ टी.एम.सी., म्हणजे ११०० कोटी घनफूट पाणी त्यात मावतं. पुढं जलाशयाच्या कडेकडेनं रतनवाडीचा रस्ता जातो. वाटेत उतरून आम्ही तासभर चढलो. दोन्ही बाजूंना करवंदांच्या जाळ्या होत्या. मुलं खात होती आणि चालत होती, त्यामुळं चढ कुणाला जाणवला नाही.

घर कारवीच्या कुडाचं, शेणानं सारवलेलं, वर कौलं. गुरुजींच्या आईंनी मुलांच्या तोंडावरून हात फिरवला. वहिनींनी नागलीची भाकरी आणि कैरीची चटणी वाढली. तसली चव आम्हाला गावी मिळत नाही.

चूक झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. धाकटा न्हाणीत गेला तो आपल्या घरच्या सवयीनं. दोन बादल्या डोक्यावर ओतल्या आणि पायाचा फुफाटा धुवायला तिसरी घेतली. कुणी काही बोललं नाही. वहिनींनी फक्त चुंबळ डोक्यावर ठेवली, हंडा-कळशी उचलली आणि त्या बाहेर पडल्या. पाणी आणायची त्यांची वेळ पहाटेची असते, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पत्नीच्या ते ध्यानात आलं. ती मुलांना घेऊन त्यांच्यामागं निघाली, मीही गेलो. वाट कातळावरून खाली ओढ्यात उतरत होती. ओढा कोरडा. एका दगडाच्या आडोशाला हातभर खोल झिरा खोदलेला होता आणि त्याच्या तळाशी ओंजळभर पाणी. वहिनी वाटीनं ते कळशीत भरू लागल्या. चार वाट्या झाल्या की तळ लागायचा, मग पाणी पाझरेपर्यंत थांबायचं. रात्रभर साचलेलं पाणी पहाटे आलेल्या बायका घेऊन गेलेल्या. वाडीला पाण्याची टाकी आहे, पण तिला पाणी पुरवणारी विहीरच मे महिन्यात आटते.

धाकटा वाट्या मोजू लागला. कळशी भरली तेव्हा आकडा निघाला अडुसष्ट.

त्यानं हळूच विचारलं, "काकू, रोजच एवढ्या लांब येता?"

"उन्हाळ्याचे दोन महिने रे बाळा. पाऊस लागला की दारातून पाणी वाहतं."

"मग ते सगळं पाणी जातं कुठं?"

वहिनी हसल्या. म्हणाल्या, "तुमच्याकडंच की!"

श्रोतेहो, भूगोलाचा एवढा नेमका धडा मी इतक्या वर्षांत वर्गात दिला नव्हता. आमच्याकडं वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जवळच्या घाटघरला काही वर्षी तो पाच हजारांच्या पुढं जातो. पण इथला डोंगर म्हणजे काळा कातळ, एकावर एक बसलेले लाव्हारसाचे थर. उतार उभा, माती थोडी. पाणी मुरायला जागा नाही आणि थांबायला सवड नाही. ते धावत धरणात उतरतं. तिथून प्रवरेच्या पात्रानं ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि उजव्या-डाव्या कालव्यांनी आमच्या उसात शिरतं. आम्ही नेलेला गूळही त्याच पाण्याचा होता. वाडीवरून खाली पाहिलं की जलाशय चकाकताना दिसतो, पण ते पाणी पायाखाली कितीतरी खोल. ते वर चढवायला यंत्र हवं, वीज हवी, पैसा हवा.

आम्ही आणखी तीन दिवस राहिलो. पहाटे मुलंही कळशी घेऊन जाऊ लागली. संध्याकाळी अंधार पडला की हिरड्या-बेहड्याच्या झाडांवर काजवे लागत. सगळं झाड एकदम उजळे आणि एकदम विझे. पावसाळ्याच्या तोंडाशीच हा देखावा दिसतो. आजी म्हणाल्या, "काजवे आले, आता पाऊस लांब नाही." ह्या वाडीत पावसाची वाट किती आतुरतेनं पाहतात, ते आम्हाला एव्हाना कळलं होतं. निघायच्या दिवशी धाकट्यानं दोन तांब्यांत अंघोळ उरकली. कुणी सांगावं लागलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. मी वर्गात एक कळशी, एक वाटी आणि पाण्याची बादली ठेवली. मुलांनी पाळीपाळीनं वाटीनं कळशी भरली. मग फळ्यावर गणित मांडलं: बादली पंधरा लिटरची, तीन बादल्या म्हणजे पंचेचाळीस लिटर. कळशी दहा लिटरची, म्हणजे साडेचार कळशा. एका कळशीला अडुसष्ट वाट्या, तर एका अंघोळीला किती? उत्तर आलं, तीनशे सहा. वर्ग गप्प झाला. पाटाकाठच्या मुलांनी पाणी असं कधी मोजलं नव्हतं.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे गणित आपल्या वर्गात जरूर करून पाहा. आणि शेतकरी मित्रांनो, सुटीत मुलांना घेऊन आपल्या नदीच्या उगमाकडं एकदा जाऊन या. तिथल्या घरी पाहुणे म्हणून उतराल, तेव्हा न्हाणीत शिरण्याआधी एवढंच विचारा, "पाणी कुठून आणता?" मग पाटावर दारं धरताना ती वाटी आपोआप आठवेल.