शिष्यवृत्तीचा कारकून आणि त्याचे शिक्षण



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात पाडली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून देशाचे, धर्माचे आणि वाङ्मयाचे मोठमोठे प्रश्न बोलले गेले. आम्ही आज घेऊन उभे आहोत तो विषय त्या मानाने लहान आहे. जळगाव-धुळ्याकडच्या कोणत्याही महाविद्यालयात जा. कार्यालयाच्या एका टोकाला एक खिडकी असते, तिच्यावर ‘शिष्यवृत्ती विभाग’ अशी पाटी असते आणि पाटीखाली मुलामुलींची रांग असते. खिडकीच्या आत जो कारकून बसतो, त्याच्या शिक्षणाविषयी आम्हाला बोलायचे आहे. मुलांच्या शिक्षणाविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. या कारकुनाला त्याचे काम कोणी शिकवले, हे विचारणारा मात्र आम्हाला अजून भेटलेला नाही.

आमचे स्वतःचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत आणि जळगावच्या वल्लभदास वालजी वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा पदवीची थोरवी सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण काम शिकवल्याशिवाय येत नाही, आणि न शिकवता कामाचा जाब विचारणे हा अन्याय आहे, एवढे कामगार चळवळीने आम्हाला पक्के शिकवले आहे.

प्रथम हे पैसे कुठून आले ते पाहू. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन केले. केवळ चढाओढीने शिष्यवृत्त्या वाटल्या तर ज्यांच्या घरात विद्या आधीच आहे त्यांच्याच पदरात त्या पडतात, असा त्यांचा आक्षेप होता. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनला अभ्यास चालू असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये तो अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. पुन्हा लंडन गाठायला १९२० साल उजाडले. मदत वेळेवर मिळणे आणि न मिळणे यात माणसाची तीन वर्षे कशी जातात, याचे याहून मोठे उदाहरण शोधण्याची गरज नाही. याच आंबेडकरांनी १९४२ मध्ये व्हाइसरॉयकडे अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तरतूद मागितली. १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली आणि १९४८ मध्ये ती अनुसूचित जमातींना लागू झाली. पुढे यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांना फीची सवलत आली. जुन्या लोकांच्या तोंडी ‘ईबीसी’ हा शब्द अजून आहे.

तेव्हा शिष्यवृत्ती ही खिरापत नव्हे. ती भांडून मिळवलेली वस्तू आहे. जी वस्तू मिळवायला इतकी वर्षे लागली, ती खिडकीपाशी येऊन अडकावी, हे आम्हाला सहन होत नाही.

ती अडकते कशी? २०१७ पासून राज्याच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज ‘महाडीबीटी’ या एकाच संकेतस्थळावरून भरले जातात. विद्यार्थी अर्ज भरतो. तो प्रथम महाविद्यालयाच्या कारकुनाकडे दिसतो. कारकुनाने कागद तपासून तो पुढे धाडला की प्राचार्यांची संमती, मग समाजकल्याण किंवा आदिवासी विकास खात्याचा अधिकारी, मग देयक, आणि शेवटी बँक. या साखळीची पहिली कडी म्हणजे आमचा कारकून. त्याने अर्ज पुढे धाडलाच नाही, तर मंत्रालयात कितीही तरतूद असो, त्या मुलापुरती ती शून्य असते. त्याने घाईत चुकीचा शेरा मारून अर्ज परत पाठवला, तर तो शेरा संकेतस्थळावर पडून राहतो आणि सातपुड्यातल्या पाड्यावर, जिथे मोबाइलला रेंज नाही, तिथला मुलगा पैशाची वाट पाहत बसतो.

आता त्या कारकुनाला काय काय माहीत असावे लागते ते मोजा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला एका वर्षाचा आहे की तीन वर्षांचा. जातीचा दाखला कोणता आणि पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र कुठे लागते. नॉन-क्रिमिलेअर कोणाला हवे, कोणाला नको. मुलगा वसतिगृहात राहतो की घरून येतो, कारण त्यावर निर्वाहभत्ता बदलतो. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची, तर राजर्षी शाहू महाराज शिक्षणशुल्क योजनेला आठ लाखांची. २०२० च्या डिसेंबरात केंद्राने अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीचा खर्च ६० टक्के केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा असा ठरवला आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जाऊ लागला. २०२४ च्या जुलैत राज्याने व्यावसायिक अभ्यासक्रमांतील ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. पण व्यवस्थापनाच्या कोट्यातून प्रवेश घेतला तर ती माफी नाही. ही गोष्ट मुलीला प्रवेश घेण्याआधी सांगितली तर उपयोग; प्रवेशानंतर सांगितली तर ते नुसते सांत्वन.

एक प्रकार तर आम्ही वारंवार पाहिला आहे. चोपडा तालुक्यातील एक पावरा मुलगी बी.एस्सी.ला होती. तिचा अर्ज मंजूर झाला, पैसे निघाले, पण पासबुकात आले नाहीत. सहा महिने ती हेलपाटे घालत होती आणि खिडकीतून उत्तर एकच, ‘वरून आले नाहीत.’ खरी गोष्ट अशी, की हे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असे नाही. आधार क्रमांक ज्या खात्याला शेवटी जोडला गेला, त्यात ते जातात. मध्यंतरी गावात कोणी तरी शिबिर भरवून तिच्या नावे दुसऱ्या बँकेत खाते उघडले होते. पैसे तिथे सुखरूप पडून होते. एवढे कळायला सहा महिने लागले आणि तोवर एका सत्राची परीक्षा बुडाली. त्या कारकुनावर आम्ही रागावलो का? नाही. ही गोष्ट त्याला कोणी सांगितलीच नव्हती. तो बिचारा दुपारपर्यंत प्रवेश पाहत होता, दुपारनंतर परीक्षेचे अर्ज, आणि उरलेल्या वेळात शिष्यवृत्ती.

इथे दोन आक्षेप येतात. पहिला असा, की आता सारे मोबाइलवर झाले, मग कारकून हवा कशाला? आमचे उत्तर असे की यंत्र आले म्हणून जाणकार माणसाची गरज संपत नाही, वाढते. कागदाच्या काळात चूक झाली तर माणूस टेबलासमोर उभा राहून ती दुरुस्त करून घेई. आता चूक कुठे झाली हे शोधणेच एक विद्या झाली आहे. ज्याच्या घरात कोणीच कॉलेज पाहिले नाही, ज्याची बोली अहिराणी, पावरी किंवा तडवी भिल्लांची आहे, त्याला ‘तुझा अर्ज त्रुटीत आहे’ या वाक्याचा अर्थ कोण सांगणार?

दुसरा आक्षेप जरा झोंबणारा आहे. लोक म्हणतात, कारकून अडवतात, चहापाण्याला मागतात, संस्थाचालकांशी संगनमत करतात. शिष्यवृत्तीच्या पैशात गैरव्यवहार झाले हे खोटे नाही. २०१६ मध्ये त्यांच्या चौकशीसाठी राज्याला विशेष कृतिदल नेमावे लागले. जो खातो त्याची बाजू आम्ही घेणार नाही. त्याच्यासाठी युनियनचे दार बंद आहे. परंतु एवढे ध्यानात घ्या, की नियम ज्याला नीट माहीत नाही तो वरच्याच्या तोंडाकडे पाहतो आणि वरचा सांगेल तिथे सही करतो. नियम ज्याला पाठ आहे तोच सांगू शकतो, की ‘साहेब, हे बसत नाही.’ ज्ञान हे कारकुनाचे संरक्षण आहे आणि विद्यार्थ्याचेही.

आता बाहेर काय चालते ते पाहू. अमेरिकेत १९६५ मध्ये उच्च शिक्षणाचा कायदा झाला आणि विद्यार्थ्यांना सरकारी मदत मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी, १९६६ मध्ये, हे काम करणाऱ्या महाविद्यालयीन कर्मचाऱ्यांची देशव्यापी संघटना उभी राहिली. ती वर्ग चालवते, परीक्षा घेते, प्रमाणपत्रे देते. तिथल्या नियमांत असे स्पष्ट आहे, की सरकारी मदत वाटणाऱ्या महाविद्यालयाने त्या कामासाठी एक सक्षम व्यक्ती नेमली पाहिजे आणि लायक माणसे पुरेशा संख्येने ठेवली पाहिजेत. म्हणजे हे काम तिथे स्वतंत्र पेशा मानले जाते. तिथेही सारे गोड नाही. २०२३ च्या अखेरीस नवा अर्ज आला आणि असा गोंधळ उडाला की लाखो मुलांना मदतीचा आकडा कळायला महिनोन्महिने लागले. त्या गोंधळात मुलांना धीर देणारे आणि वाट दाखवणारे लोक कोण होते? हेच शिकवलेले कर्मचारी.

आमच्याकडे प्राध्यापकांसाठी १९८७ पासून अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजे निघाली. त्यांचे उद्बोधन वर्ग, उजळणी वर्ग बढतीशी जोडले गेले. हे योग्यच झाले. शिक्षकेतरांसाठी १९८४ ची सेवाशर्तींची प्रमाणसंहिता आहे, पण शिष्यवृत्तीचे काम करणाऱ्याने काय शिकावे आणि ते कोणी शिकवावे, याची तशी बांधीव व्यवस्था नाही. अधूनमधून एखाद्या दिवसाचे शिबिर होते, पडद्यावर चित्रे दाखवतात, जेवण होते आणि मंडळी पांगतात. विनाअनुदानित महाविद्यालयांत तर हे काम कंत्राटी मुलाकडे असते. तो वर्षभरात शिकतो आणि वर्ष संपताच जातो. शिकलेली विद्या त्याच्याबरोबर जाते.

तेव्हा आमच्या मागण्या सांगतो. पहिली, दर वर्षी जून उजाडण्यापूर्वी प्रत्येक जिल्ह्यात पाच दिवसांचा वर्ग व्हावा. १९९० मध्ये जळगावला आपले विद्यापीठ झाले, आज ते बहिणाबाईंच्या नावाने ओळखले जाते. त्याने हा वर्ग भरवावा आणि समाजकल्याण, आदिवासी विकास खाते व बँक यांची माणसे शिकवायला बोलवावीत. दुसरी, त्या वर्गात केवळ संकेतस्थळाची बटणे न शिकवता खऱ्या अडलेल्या अर्जांवर काम करून घ्यावे, आणि कर्जाचीही माहिती द्यावी; चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेच्या आदर्श योजनेत तारण लागत नाही, हे किती बापांना ठाऊक आहे? तिसरी, दुसऱ्याच्या गरिबीचे कागद आपल्या हातात आहेत, ते चारचौघांत वाचून दाखवू नयेत, ही रीत शिकवावी. चौथी, वर्ग पुरा करणाऱ्यास प्रमाणपत्र मिळावे, ते सेवापुस्तकात नोंदवावे व बढतीत धरावे. पाचवी, ऐन हंगामात शिष्यवृत्तीच्या माणसाला दुसरे टेबल देऊ नये आणि नव्याला जुन्याने एक महिना हाताशी धरून शिकवावे.

याचा खर्च किती? माणसाचा पाच दिवसांचा पगार आणि एक सभागृह. सहा महिने रखडलेल्या एका मुलीच्या नुकसानीशी तो ताडून पाहा.

आमच्या बांधवांनाही दोन शब्द. युनियनने आजवर पगार, महागाई भत्ता आणि निवृत्तिवेतन मागितले, ते मागितलेच पाहिजे. पण प्रशिक्षणाचा वर्ग लागला की रजेचा अर्ज देणारे आमच्यात आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. साने गुरुजींनी अमळनेरला छात्रालय सांभाळले; कागदावर ते काम देखरेखीचे होते. देखरेखीच्या कामाला माणूस किती मोलाचे करू शकतो, हे खानदेशाने पाहिले आहे. खिडकीतले कामही तसेच आहे. आमच्याच गिरणी कामगारांची, हमालांची, केळीच्या बागेत राबणाऱ्यांची मुले त्या रांगेत उभी आहेत. एका कामगाराच्या अज्ञानाने दुसऱ्या कामगाराच्या मुलाचे वर्ष बुडावे, हे आपल्या झेंड्याला शोभत नाही.

या सभेत प्राचार्य आहेत, संस्थांचे चालक आहेत, विद्यापीठाची मंडळी आहेत. येत्या जूनला फार दिवस उरलेले नाहीत. पहिला वर्ग भरवा. माणसे आणण्याची जबाबदारी आम्ही घेतो.