मापाबाहेरचं

आमच्या वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. १७६२ साली रास्त्यांनी देऊळ बांधलं, ते कृष्णेला पूर येणार हे धरूनच. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारे एवढे सावध नसतात.

जून २०१७च्या अखेरीस न्हावा-शेवा बंदरातलं मेर्स्क समूहाचं टर्मिनल ‘नॉटपेट्या’ विषाणूनं ठप्प झालं. विषाणू निघाला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून. त्याची पसरण्याची एक वाट होती विंडोजमधला फायली वाटून देणारा ड्रायव्हर. आलेल्या यादीचं नवं माप लिहिताना हा ड्रायव्हर आकड्याचा अर्धाच भाग बदलायचा. म्हणजे भांडं घेतलं मापट्याचं, ओतलं पायलीभर! सांडलेलं शेजारच्या मेमरीत. गझलेत एखादी मात्रा सांडली तर रसिक भुवया उंचावतात, इतकंच. पण ड्रायव्हर चालतो कर्नलमध्ये, संगणकाच्या गाभाऱ्यात. तिथं सांडलेल्या मजकुरात परक्याचा हुकूम असला, तर अडवणार कोण?

मायक्रोसॉफ्टनं दुरुस्ती १४ मार्चलाच दिली होती. पण दुरुस्ती न केलेलं एक यंत्र त्याला पुरे होई. तिथले पासवर्ड उचलून तो दुरुस्त केलेल्या यंत्रांतही शिरत होता.