तारीख नसलेले आकाश

१९७३ मध्ये बाबा आमटे यांनी सुरू केलेल्या आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी वाढवलेल्या लोकबिरादरी प्रकल्पामुळे भामरागड तालुक्यातील हेमलकसा हे नाव महाराष्ट्राला परिचित झाले. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांच्या संगमाजवळच्या या जंगलात हौशी आकाशनिरीक्षकांच्या या संमेलनाला चार रात्री जागा मिळाली आहे.

अध्यक्षीय भाषणात प्रथेप्रमाणे क्षेत्राचा आढावा अपेक्षित असतो, आणि महाराष्ट्रातील आकाश-छायाचित्रणाचा आढावा घ्यायचा तर आरंभ पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेपासून करावा लागतो. तेथील कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण करमाळा तालुक्यातील जेऊर येथे छावणी टाकून टिपले आणि त्याचा अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९४४ मध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, हॅलेच्या धूमकेतूच्या आगमनाच्या सुमारास मुंबईत खगोल मंडळ उभे राहिले, आणि आज गच्चीगच्चीवर संगणकाने चालणाऱ्या दुर्बिणी दिसू लागल्या आहेत. हा आढावा आणखी लांबवता येईल. परंतु जेऊरपाशीच थांबणे आवश्यक आहे, कारण गेली वीस वर्षे हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळांच्या बैठकांत ज्या प्रश्नाला वेळेअभावी बगल दिली गेली, तो तेथूनच सुरू होतो. ग्रहणाची ती मोजकी मिनिटे संपल्यानंतर चार वर्षांनीही ज्याचा अहवाल लिहिता येतो, ते काम केवळ काचपट्टीवर उमटलेल्या चित्रावर उभे नसते. चित्राइतक्याच काळजीने टिपलेल्या नोंदींवर ते उभे असते. आज चित्रे अमाप झाली आहेत आणि नोंदवही मात्र नाहीशी झाली आहे, हेच या भाषणाचे एकमेव म्हणणे आहे.

या म्हणण्यावर नेहमी असा आक्षेप घेतला जातो की आता कॅमेराच सर्व नोंदी ठेवतो. हा आक्षेप टिकणारा नाही. कॅमेऱ्याच्या आतले घड्याळ महिन्यागणिक मागेपुढे सरकते, ते भारतीय प्रमाणवेळेला लावले आहे की नाही हे कोणी पाहत नाही, आणि चित्र एका फोनवरून दुसऱ्या फोनवर गेले की त्याला चिकटलेली माहिती बहुधा गळून पडते. शिवाय आजचे चित्र हे एकच चित्र नसते. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश तासाला पंधरा अंश सरकते, म्हणून दुर्बिणीची बैठक ध्रुवाच्या रोखाने बसवून तिला ताऱ्यांमागे फिरवावे लागते. मग अनेक छायाचित्रे एकावर एक रचली जातात, कारण छत्तीस चित्रे रचली असता खरा प्रकाश छत्तीस पट होतो, तर अनियमित चुकार ठिपके, ज्यांना गोंगाट म्हणतात, ते केवळ सहा पट वाढतात. ही रीत उत्तम आहे. परंतु त्यानंतर रंग गडद करणे, अंधूक भाग उजळणे आणि आकाशगंगेचा पट्टा दुसऱ्या रात्रीच्या डोंगरावर बसवणे सुरू होते, आणि त्यातील एकाही पायरीची नोंद न ठेवता ते चित्र आकाशाचे म्हणून मिरवले जाते.

असे चित्र कला म्हणून ग्राह्य धरावे की नाही, हा वाद या क्षेत्रातील अनेक सहकाऱ्यांनी मोठ्या हिरिरीने घातला आहे. प्रस्तुत अध्यक्षांच्या दृष्टीने तो वाद २०२० च्या फेब्रुवारीतच संपला. त्या हिवाळ्यात मृग नक्षत्रातील काक्षी हा तांबडा तारा अभूतपूर्व मंदावला होता. एरवी रोहिणीहून तेजस्वी दिसणारा हा तारा मृगाच्या शेजारच्या पायाशी असलेल्या ताऱ्याइतकाच उरला होता, आणि ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूपासून झालेली धूळ हे त्याचे एक कारण असल्याचे पुढे शास्त्रज्ञांनी दाखवले. अध्यक्षांच्या संग्रहात त्या काळातील मृगाची कितीतरी छायाचित्रे होती, आणि तेजोमेघ नीट यावा म्हणून शटर बराच वेळ उघडे ठेवल्यामुळे त्या सर्वांत काक्षी केवळ एक भाजलेला पांढरा ठिपका होता. तो कधी किती मंद झाला, हे सांगण्यास त्यातील एकही चित्र उपयोगी पडले नाही. याच तालुक्यातील एका आश्रमशाळेत शिकणाऱ्या मुलीने मात्र दुर्बीण नसताना, कॅमेरा नसताना, दर निरभ्र रात्री दुरेघी वहीत तारीख आणि वेळ घालून एवढेच लिहिले होते की काक्षी रोहिणीहून मोठा, रोहिणीएवढा की लहान. तिच्या वहीची चार पाने ताऱ्याचे मंदावणे सांगत होती. चाळीस वर्षांच्या साधनेनंतर वहीपुढे छायाचित्रांनी हार मानावी, यात लाज नाही. लाज आहे ती त्यानंतरही वही न घेण्यात.

याच प्रदेशाने दिलेला दुसरा धडा अधिक कठोर आहे. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी, गुढीपाडव्याच्या दिवशी, जळत जाणारे तुकडे महाराष्ट्राच्या आकाशातून गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे कोसळले. तो चिनी अग्निबाणाचा अवशेष असल्याचा निष्कर्ष निघाला. असंख्य हातांतील फोनांनी ते दृश्य टिपले. अशा वस्तूचा मार्ग काढायचा तर दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून तिची दिशा आणि तिची उंची अंशांत लागते, आणि तीही एकाच क्षणाची. ती वस्तू सेकंदाला सात किलोमीटरच्या आसपास वेगाने जात असल्यामुळे घड्याळ एका मिनिटाने चुकले तर हिशेब चारशे किलोमीटरने चुकतो. उभे राहण्याची जागा आणि नेमकी वेळ ज्या चित्रफितीसोबत नाही, ती कितीही वेळा पाहिली तरी आश्चर्यापलीकडे काही देत नाही.

हेमलकशाच्या आकाशाचे मोल या संदर्भात समजून घेतले पाहिजे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले अंधारे-आकाश उद्यान म्हणून मान्यता मिळाली, लडाखमधील हानले येथेही आकाश राखीव झाले, आणि ही दोन्ही कामे अभिमानाची आहेत. परंतु नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा लक्षावधी ताऱ्यांचा गुच्छ हानलेहून क्षितिजावर दहा अंशही चढत नाही, तर येथून तो तेवीस अंश वर येतो. अगस्ती आणि त्रिशंकू येथे झाडांच्या शेंड्यांवर स्पष्ट उभे राहतात. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने वाट तुटते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुले वेचण्यासाठी झाडांखालचा पाला जाळल्याने धूर साचतो, तेव्हा उरणाऱ्या थोड्या स्वच्छ रात्री केवळ शोभेच्या चित्रांत खर्च करणे हा अपव्यय आहे.

म्हणून सर्व मंडळांची एक सामाईक नोंदवही असावी, जुन्या छायाचित्रांच्या तारखा शोधाव्यात, आणि मयंक वाहिया व गणेश हलकारे यांनी गोंड समाजाच्या आकाशज्ञानाविषयी २०१३ मध्ये लिहिले त्या वाटेने येथील माडिया वडीलधाऱ्यांकडून ताऱ्यांची नावे त्यांच्या संमतीने लिहून घ्यावीत. याचा तपशील समितीने ठरवावा.

आज रात्री दुर्बिणी मांडल्या जातील तेव्हा मृग डोक्यावर असेल. काक्षी रोहिणीहून मोठा आहे, तिच्याएवढा आहे की लहान, हे भिंगावरचे झाकण काढण्याआधी प्रत्येकाने नुसत्या डोळ्यांनी पाहावे आणि तारीख, वेळ व गाव यांच्याखाली लिहावे. त्या मुलीने तेवढेच केले होते.